निवड आणि मशागत : बुद्धिमान विद्यार्थ्यांचे विशेष शिक्षण व त्याचे फलित

देवळी तालुक्यात मार्गशीर्ष व पौष हे महिने दोन प्रकारच्या वेचणीचे असतात. शेतात कापसाची वेचणी चालू असते आणि शाळेत बुद्धिमान मुलांची. नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा व शिष्यवृत्ती परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून दोनशिक्षकी शाळेतील शिक्षक चार-पाच चुणचुणीत मुले वेगळी काढतात, शाळा सुटल्यावर त्यांना तासभर थांबवून घेतात आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडून सोडवून घेतात. त्याच दिवसांत वर्गातील काही मुले आईबापांबरोबर शेतावर गेलेली असतात, काही मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत घरी राहिलेल्या असतात, आणि जी उरतात ती पाढ्यांची उजळणी करीत बसतात. पुढे निकाल लागतो. एखाद्या मुलाची निवड होते, गावात त्याचा सत्कार होतो, शाळेच्या फलकावर त्याचे नाव रंगविले जाते.

या खटाटोपामागे शिक्षकाची तळमळ असते, याविषयी शंका नाही. परंतु तळमळीने केलेल्या कामाचेही फलित तपासून पाहणे शिक्षकाच्या धर्मास धरूनच आहे. येथे तीन प्रश्न उभे राहतात. विशेष शिक्षणामुळे निवडलेल्या मुलाची संपादणूक खरोखर वाढते काय? निवड करताना योग्य मुले सुटून जातात काय? आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांच्या शिक्षणावर काय परिणाम होतो? या प्रश्नांवर देशोदेशी पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. त्यातून निघालेले निष्कर्ष खेड्यातील लहान शाळेलाही उपयोगी पडण्याजोगे आहेत.

आपल्याकडील योजना

बुद्धिमान मुलांना हेरून त्यांना साहाय्य देण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. त्या वेळी वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि विदर्भातील शाळांचा या राज्याच्या परीक्षापद्धतीशी संबंध जडला. ही परीक्षा दीर्घकाळ चौथी व सातवी या इयत्तांत होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीकडे नेण्यात आली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे आणण्याचे राज्य शासनाने ठरविले.

दुसरी योजना नवोदय विद्यालयांची. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विद्यालयांना देशभर चालना दिली. परंतु प्रयोगादाखल पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्येच निघाली होती. त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे वर्ध्याशेजारच्या अमरावती येथे. पुढे वर्धा जिल्ह्यासही सेलूकाटे येथे नवोदय विद्यालय मिळाले. या विद्यालयात सहावीच्या वर्गात अधिकांत अधिक ८० मुले घेतली जातात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात, आणि एकूण जागांच्या एक तृतीयांश मुलींसाठी. देवळी व पुलगाव ही नगर परिषदांची गावे वगळता तालुक्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांना ही ग्रामीण तरतूद लागू पडते. म्हणून येथील शिक्षकांना या परीक्षेचे महत्त्व विशेष वाटते.

तिसरी योजना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची. ती २००८ मध्ये सुरू झाली. आठवीत परीक्षा देऊन उत्तीर्ण होणाऱ्या व बेताच्या उत्पन्नाच्या घरांतून येणाऱ्या मुलांना नववी ते बारावी शिक्षण चालू ठेवण्यासाठी आर्थिक साहाय्य मिळावे, हा तिचा हेतू आहे. या तिन्हींहून निराळा प्रयोग पुण्यास झाला. विनायक विश्वनाथ ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनीची स्थापना केली. आरंभी इतर शाळांतून शिकणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांसाठी शाळेबाहेरच्या वेळात वर्ग भरत. १९६९ मध्ये प्रबोधिनीची स्वतंत्र प्रशाला निघाली. बुद्धिमत्ता ही एकच एक शक्ती नसून तिचे अनेक पैलू असतात, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांचा विचार तेथे चाचण्यांसाठी व अध्यापनासाठी आधारभूत मानला गेला.

या चार योजनांकडे नीट पाहिले असता एक भेद ध्यानात येतो. शिष्यवृत्तीच्या दोन्ही योजना मुख्यतः निवड करतात व पैसे देतात. शिकविण्याची रीत त्यामुळे आपोआप बदलत नाही. नवोदय विद्यालय निवड करून मुलास दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या सोबत्यांत नेते. ज्ञानप्रबोधिनीसारखा प्रयोग निवडीबरोबरच अध्यापनाची रीतही बदलू पाहतो. निवड व मशागत या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांची सरमिसळ झाली, म्हणजे फलिताविषयी गैरसमज होतात.

फलित मोजण्यातील अडचण

सर्वसाधारण समजूत अशी की, ज्या अर्थी निवडलेली मुले पुढे चांगले गुण मिळवितात, त्या अर्थी विशेष शिक्षणाचा लाभ झाला. हा तर्क सदोष आहे. एका शेतकऱ्याने काळ्या कसदार जमिनीत नवे बियाणे पेरले आणि मुरमाड जमिनीत जुने पेरले. कसदार जमिनीत पीक जोमदार आले, म्हणून नवे बियाणे श्रेष्ठ असे कोणी म्हणू लागला, तर देवळीच्या बाजारात बसलेला कोणताही अनुभवी शेतकरी हसेल. पिकाचे श्रेय जमिनीला किती व बियाण्याला किती, हे कळण्यासाठी सारख्या जमिनीत दोन्ही बियाणी पेरून पाहिली पाहिजेत.

मुलांच्या बाबतीत सारखी जमीन शोधण्याची एक युक्ती अभ्यासकांनी काढली आहे. समजा, एखाद्या प्रवेशपरीक्षेत शेवटच्या निवडलेल्या मुलास ७१ गुण पडले आणि पहिल्या वगळलेल्या मुलास ७०. या दोघांच्या बुद्धीत व तयारीत वस्तुतः काहीच अंतर नाही. त्या दिवशी एकाला एखादे उदाहरण सुचले, दुसऱ्याचा हात जरा घाईने चालला, एवढेच. मात्र एका गुणाच्या फरकाने एकजण विशेष शाळेत गेला व दुसरा गावच्याच शाळेत राहिला. सीमारेषेच्या अलीकडील व पलीकडील अशा अनेक मुलांची दोन-चार वर्षांनी पुन्हा परीक्षा घेतली, तर त्यांच्यातील अंतर हे विशेष शाळेचे खरे फलित मानता येते.

अभ्यासांती काय आढळले

अमेरिकेतील बॉस्टन व न्यूयॉर्क या शहरांत प्रवेशपरीक्षेने मुले घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. त्यांच्या सीमारेषेवरील विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेष शाळेत गेलेल्या मुलांना अधिक हुषार सोबती मिळाले होते. तरीही त्यांच्या पुढील परीक्षांतील गुण वगळलेल्या मुलांच्या गुणांहून फारसे वाढले नाहीत. केवळ बुद्धिमान मुलांच्या पंक्तीत नेऊन बसविल्याने संपादणूक वाढते, या समजुतीस या अभ्यासाने मोठा धक्का दिला. मात्र हा निष्कर्ष त्या शहरांतील सीमारेषेवरील मुलांपुरता आहे, हे विसरता कामा नये. तेथे वगळल्या गेलेल्या मुलालाही दुसरी बरी शाळा मिळत होती. जेथे गावच्या शाळेपुढे दुसरी वाटच नाही, तेथे निवासी विद्यालयाचे भोजन, ग्रंथालय, प्रयोगशाळा व नियमित शिक्षक यांचे मोल निराळे असू शकते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतीलच फ्लोरिडा राज्यातील एका मोठ्या शालेय जिल्ह्याचा. तेथे नियम असा की, शाळेतील चौथी-पाचवीच्या इयत्तेत बुद्धिमापन चाचणीत उच्च ठरलेली मुले थोडी जरी असली, तरी त्यांच्यासाठी निराळा वर्ग काढावयाचा. त्या वर्गातील रिकाम्या जागा मागील वर्षाच्या परीक्षेत वरचे गुण मिळविणाऱ्या मुलांनी भरावयाच्या. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. चाचणीच्या बळावर आलेल्या मुलांच्या गुणांत फारशी वाढ दिसली नाही. परंतु मागील वर्षी वर्गात मन लावून अभ्यास करून आत आलेल्या मुलांचे, विशेषतः गरीब व उपेक्षित समाजांतील मुलांचे, वाचन व गणित यांतील गुण लक्षणीय वाढले. आणि जी मुले नेहमीच्या वर्गात राहिली, त्यांचे नुकसानही आढळले नाही.

शंभर वर्षांतील अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सबंध इयत्तेच्या हुषार व मंद अशा कायमच्या तुकड्या पाडल्याने विशेष लाभ होत नाही. परंतु एकाच वर्गात विषयापुरते गट पाडणे, एखाद्या विषयात मुलास वरच्या इयत्तेबरोबर बसविणे आणि झेपत असेल तेथे अभ्यासक्रम लवकर पुरा करू देणे यांमुळे संपादणूक वाढते, असे त्यात दिसून आले.

या सर्वांचे सार एका वाक्यात सांगता येईल. मुलास बुद्धिमान असा शिक्का मारल्याने किंवा बुद्धिमानांत बसविल्याने त्याची प्रगती होत नाही. त्याला आज जे येते त्याच्या नेमके एक पायरी वरचे शिकविल्याने ती होते. देवळी हे कुस्तीसाठी ओळखले जाणारे गाव आहे. आखाड्यातील वस्ताद नवशिक्या पोरास नामांकित मल्लाशी जोड लावीत नाही आणि तयार गड्याला रोज लहान पोरांबरोबर खेळवीतही नाही. अंगात जोर आहे त्याहून किंचित वरचढ जोड तो शोधतो. वर्गातील अध्यापनाचे तत्त्वही हेच आहे.

निवडीतून सुटणारी मुले

दुसरा प्रश्न निवडीच्या अचूकतेचा. १९२१ मध्ये अमेरिकेत टर्मन या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिमान मुलांचा एक प्रसिद्ध अभ्यास हाती घेतला. शिक्षकांनी सुचविलेल्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेऊन सुमारे दीड हजार मुले निवडण्यात आली व त्यांचे आयुष्यभर निरीक्षण करण्यात आले. चाचणी होऊनही निवड न झालेल्यांत विल्यम शॉक्ली व लुई आल्व्हारेझ हे दोन मुलगे होते. शॉक्ली यांना १९५६ मध्ये आणि आल्व्हारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चाचणी टाकाऊ असते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु एका दिवसाच्या चाचणीवरून मुलाचे भविष्य ठरविणारा मनुष्य केवढी जोखीम पत्करतो, हे यावरून उमगावे.

फ्लोरिडातील त्याच जिल्ह्याने या बाबतीतही एक धडा दिला आहे. पूर्वी तेथे शिक्षक वा पालक ज्या मुलाचे नाव सुचवीत, त्याचीच चाचणी होई. २००५ पासून दुसरीच्या प्रत्येक मुलाची एक छोटी चाचणी घेण्यास प्रारंभ झाला. लगेच गरीब घरांतील व वेगळी भाषा बोलणाऱ्या कुटुंबांतील बुद्धिमान मुलांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. ती मुले आधीही त्याच शाळेत, त्याच बाकांवर बसत होती. कोणी त्यांचे नाव सुचविले नव्हते, इतकेच. पुढे निधीअभावी ही सार्वत्रिक चाचणी थांबली, तेव्हा त्यांची संख्याही पुन्हा घटली.

महाराष्ट्रातही असा अनुभव नोंदला गेला आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रकल्प चालविला. आठवीत आलेल्या मुलांना निवडून दहावीपर्यंत त्यांना पूरक मार्गदर्शन देण्यात आले. या मुलांची शालान्त परीक्षेतील कामगिरी लक्षणीय सुधारली. त्यांच्या मार्गातील मोठा अडसर बुद्धीचा नव्हता, तर भाषेचा होता, हे प्रकल्पातून ठळकपणे पुढे आले. घरची बोली व पुस्तकातील मराठी यांत अंतर होते, आणि आपला विचार शब्दांत मांडण्याची व प्रश्न विचारण्याची संधी त्यांना क्वचितच मिळालेली होती.

हा अडसर देवळीच्या शिक्षकास परका नाही. वऱ्हाडी वळणाची बोली बोलणारे पोर आईच्या वेचणीचा हिशेब किलोमागे किती पैसे, या रीतीने तोंडी व बिनचूक करते. बाजारात भाजीवाल्याकडून परत घ्यावयाची मोड आईच्या आधी सांगते. आणि शाळेत ‘पुढील पदावली सोडवा’ हे वाक्य वाचताच गप्प बसते. तेथे गणित अडलेले नसते, पदावली हा शब्द अडलेला असतो. जो शिक्षक केवळ उत्तरपत्रिका पाहतो, त्याला हे मूल मंद वाटते. जो बाजारात त्याचे बोलणे ऐकतो, त्याला त्याची खरी ओळख पटते. मुलींच्या बाबतीत अधिकच सावध राहावे लागते. ज्या मुलीची हजेरी वेचणीच्या दिवसांत तुटक असते, तिचे नाव परीक्षेच्या यादीत येतच नाही. गैरहजेरी म्हणजे बुद्धीचा अभाव नव्हे, हे यादी करताना शिक्षकाने स्वतःस बजावले पाहिजे.

उरलेल्या वर्गाचे काय ?

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. निवडक मुलांना वेगळे शिकविले, तर उरलेली मुले मागे पडतात काय? याचे उत्तर शिक्षकाचा वेळ कोठे जातो, यावर अवलंबून असते.

आफ्रिकेतील केनिया देशात २००५ च्या सुमारास १२१ प्राथमिक शाळांत एक मोठा प्रयोग झाला. प्रत्येक शाळेस पहिलीच्या वर्गासाठी एक जादा शिक्षक देऊन वर्गाच्या दोन तुकड्या करण्यात आल्या. सुमारे निम्म्या शाळांत मुलांच्या तयारीनुसार वरची व खालची तुकडी केली. उरलेल्या शाळांत सोडत काढून मुले विभागली. दीड वर्षानंतर असे आढळले की, तयारीनुसार विभागलेल्या शाळांतील मुलांची संपादणूक अधिक होती, आणि ही वाढ वरच्या तुकडीप्रमाणेच खालच्या तुकडीतही झाली होती. कारण उघड आहे. दोन्ही तुकड्यांना शिक्षक होता, आणि प्रत्येक शिक्षकास समोरच्या मुलांच्या पायरीवरून शिकविणे शक्य झाले.

खालच्या तुकडीलाही शिक्षक होता, ही गोष्ट येथे कळीची आहे. भारतातही प्रथम या संस्थेने मुलांना वयाने वा इयत्तेने नव्हे, तर वाचनाच्या व अंकज्ञानाच्या पायरीने गटांत बसवून शिकविण्याची रीत रुजविली. तिच्यामुळे मागे पडलेल्या मुलांचे मूलभूत वाचन सुधारते, हे निरनिराळ्या प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. म्हणजे जे तत्त्व बुद्धिमानांच्या उपयोगी पडते, तेच मागे पडलेल्यांच्याही उपयोगी पडते. परंतु दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक चार मुलांच्या प्रश्नपत्रिकांत गुंतला आणि छत्तीस मुले उजळणीवर सोडली, तर त्यास विशेष शिक्षण म्हणता येणार नाही. ते छत्तीस मुलांच्या वाट्याचा वेळ चार मुलांकडे वळविणे होय. गावाने उभारलेली शाळा ही चाळिसांचीही असते.

वर्गात करावयाच्या गोष्टी

वरील विवेचनावरून खेड्यातील शिक्षकास काही व्यवहार्य गोष्टी हाती घेता येतील. त्यांस निधी लागत नाही व जादा शिक्षकही लागत नाही.

(१) *शोध सर्वांचा घ्यावा.* परीक्षेस बसवावयाच्या मुलांची यादी करण्यापूर्वी वर्गातील प्रत्येक मुलास, वेचणीहून परतलेल्या मुलासही, एक लहानशी चाचणी द्यावी. तीत वाचावयाचा मजकूर थोडा व विचार करण्याजोगे प्रश्न अधिक असावेत. आकृत्यांचा क्रम ओळखणे, विसंगत वस्तू शोधणे, तोंडी हिशेब सांगणे असे प्रश्न विशेष उपयोगी. वर्षातून एकदाच नव्हे, तर दर सत्रात यादी नव्याने तपासावी.

(२) *हाताच्या कौशल्यासही बुद्धी मानावे.* २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिच्यातून नयी तालीमचा आराखडा सिद्ध केला. उद्योगाच्या द्वारे शिक्षण, हे तिचे सूत्र होते. मोडकी सायकल उघडून पुन्हा जोडणारा किंवा मातीचा सुबक बैल करणारा मुलगा बुद्धिमान आहे, हे वर्धा जिल्ह्यातील शिक्षकास दुसऱ्या कोणी सांगावे लागू नये.

(३) *एकाच पाठातून तीन पायऱ्या निघाव्यात.* बहुवर्ग अध्यापनात हे सहज साधते. फळ्यावर पुढील तीन प्रश्न लिहावेत. पहिला : एका बाईने सकाळी १८ किलो व दुपारी १४ किलो कापूस वेचला, तर एकूण किती? दुसरा : दोघींनी मिळून ३२ किलो कापूस वेचला, पहिलीने दुसरीहून ४ किलो अधिक वेचला, तर प्रत्येकीने किती? तिसरा : दोघींच्या वेचणीची बेरीज ३२ किलो व वजाबाकी ५ किलो असेल, तर प्रत्येकीचा कापूस पूर्ण किलोंत येईल काय? न आल्यास का? अंक जवळजवळ तेच आहेत. परंतु पहिला प्रश्न बेरीज तपासतो, दुसरा विचार तपासतो, आणि तिसरा नियम शोधावयास लावतो. बेरीज सम असून वजाबाकी विषम असेल, तर अपूर्णांकावाचून सुटका नाही, हे ज्या मुलाने आपण होऊन सांगितले, त्यास ओळखण्यासाठी दुसऱ्या परीक्षेची वाट पाहावी लागत नाही.

(४) *गट विषयापुरते व बदलते असावेत.* गणितात पुढे असलेले मूल भाषेत मागे असू शकते. गणिताच्या तासाला त्यास वरच्या इयत्तेबरोबर बसवावे व भाषेच्या तासाला स्वतःच्या वर्गात. हुषार व ढ अशी नावे गटांना कदापि देऊ नयेत. गट महिन्या-दोन महिन्यांनी बदलले, म्हणजे कोणाच्याही कपाळी कायमचा शिक्का बसत नाही.

(५) *हुषार मुलास सदैव वर्गनायक करू नये.* काम लवकर आटोपलेल्या मुलाकडे लहान वर्ग सांभाळावयास देण्याची रीत सर्वत्र आढळते. अधूनमधून दुसऱ्यास समजावून सांगण्यात त्याचाही लाभ असतो. परंतु रोज तेच केल्यास त्याचे स्वतःचे शिकणे थांबते. त्याला दोन पाने अधिक वाचावयास द्यावीत. गावच्या विहिरींची खोली, यशोदा नदीच्या पुराच्या आठवणी, आठवडी बाजारातील भाव यांची नोंदवही करावयास सांगावे, आणि आठवड्यातून एकदा ती त्याच्याशेजारी बसून वाचावी.

(६) *निकालानंतर मशागत थांबू नये.* परीक्षा संपताच जादा तास बंद होतात, हा दोष सार्वत्रिक आहे. नवोदयच्या एका वर्गात ८० मुलांनाच जागा असते. सीमारेषेच्या अलीकडे एका गुणाने राहिलेले मूल निवडलेल्या मुलाइतकेच बुद्धिमान असते, हे वर पाहिलेच. त्याची निराशा दूर करणे, त्यास पुढील शिष्यवृत्तीची वाट दाखविणे आणि आठवीत आर्थिक दुर्बल घटक परीक्षेचा अर्ज वेळेवर भरला जातो की नाही हे पाहणे, ही कामे प्राथमिक शिक्षकाने आपली मानावीत. निवडलेल्या मुलाची काळजी नवी शाळा घेते. न निवडलेल्याची काळजी घेणारा गावात बहुधा शिक्षकच असतो.

(७) *पालकांशी वेचणीपूर्वी बोलावे.* वेचणी ऐन भरात आल्यावर गृहभेटीचा उपयोग होत नाही. घराला त्या दिवसांची मजुरी हवी असते. दिवाळीपूर्वीच आईबापांस भेटून, मुलीला निदान अर्धा दिवस शाळेत धाडावे, धाकट्या भावंडास अंगणवाडीत ठेवावे, अशी तडजोड सुचविली तर ती पुष्कळदा मान्य होते. सबंध दिवसाची मागणी करून काहीच न मिळण्यापेक्षा अर्ध्या दिवसाची हजेरी बरी.

समारोप

बुद्धिमान मुलांसाठीच्या योजना निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढू नये. शिष्यवृत्तीच्या रकमेने कित्येक मुलांचे शिक्षण सुटता सुटता वाचते. निवासी विद्यालयाने खेड्यातील मुलास जगाचे दार उघडून मिळते. तथापि या योजनांचे खरे बळ निवडीत नसून निवडीपूर्वी व निवडीनंतर होणाऱ्या अध्यापनात आहे. शाळेने आपल्या कामाचे मोजमाप करताना फलकावरील नावे अवश्य मोजावीत. परंतु त्याबरोबर आणखी दोन आकडे टिपून ठेवावेत. जूनमध्ये ज्या मुलाला जेवढे येत होते, त्याहून एप्रिलमध्ये किती मुले निदान एक पायरी वर चढली? आणि परीक्षेच्या यादीत पूर्वी कधीच न आलेल्या घरांतील किती मुले या वर्षी प्रथमच आली?

कपाशीच्या शेतात सगळी बोंडे एका दिवशी फुटत नाहीत. पहिल्या वेचणीस जे बोंड मिटलेले राहिले, ते जाणता शेतकरी उपटून टाकीत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या वेचणीस तो पुन्हा त्याच ओळीतून फिरतो. वर्गातून फिरणाऱ्या शिक्षकानेही एवढा धीर धरला, तर त्याच्या शाळेतील संपादणूक एका नावापुरती न राहता सबंध वर्गाची होईल.